आमचं कपाट तपासलंत, आता एखाद्या घरी या

सरकारी खर्चाने चालणाऱ्या वृद्धांच्या गृहसेवेसाठी संस्थांना मान्यता देणारे अधिकारी आणि त्या मान्यतेचे निकष ठरवणाऱ्या समित्या यांना,

स. न. वि. वि.

माझ्या संस्थेच्या मान्यतेसाठी तुमचे तपासणी अधिकारी आले होते, तो दिवस अजून डोळ्यांसमोर आहे. साडेदहाला आले, दोनला गेले. दारावरची पाटी अर्जातल्या नावाशी अक्षर न् अक्षर जुळते का, ते त्यांनी पाहिलं. कुलपाचं कपाट उघडायला लावलं, पुन्हा बंद करायला लावलं. आग विझवायच्या नळकांड्यावरची तारीख वाचली. मग सेविकांच्या फाईली एकेक करून काढल्या: फोटो, ओळखपत्र, प्रशिक्षणाचा दाखला, चारित्र्य पडताळणी, वैद्यकीय तपासणी. माणूस सभ्य होता आणि कामाला चोख. चहासुद्धा घेतला नाही. पण त्या साडेतीन तासांत, ज्यांच्यासाठी हा सगळा खटाटोप, त्या म्हाताऱ्या माणसांपैकी एकाचंही नाव निघालं नाही.

तेव्हा आमच्याकडे स्वखर्चाने सेवा घेणारी नऊ कुटुंबं होती. त्यातलं एक घर ऑफिसपासून चालत दहा मिनिटांवर. मी म्हटलं, "येता का? आजींची परवानगी आहे, आमची सेविका आत्ता तिथेच आहे." ते जरा ओशाळले आणि म्हणाले, "बाई, माझ्या तक्त्यात तो रकाना नाही."

हे पत्र त्या नसलेल्या रकान्याबद्दल आहे.

आधीच सांगते, आम्हाला मान्यता मिळाली. तशी ती मिळाली म्हणूनच लिहायचं धाडस करते आहे. नाकारलेल्या माणसाने काही म्हटलं की कोल्ह्याला द्राक्षं आंबट म्हणून ते बाजूला सारता येतं. मी आतली आहे, आणि आत येताना मला काय सिद्ध करावं लागलं आणि काय मुळीच करावं लागलं नाही, ते मला ठाऊक आहे.

एक कबुली देते. तुम्ही मागता ती धोरणांची फाईल मी लिहिलेली नाही, विकत घेतली. तक्रार निवारण, संसर्ग प्रतिबंध, गोपनीयता, आपत्कालीन व्यवस्था, सगळं तयार मिळतं. फक्त रिकाम्या जागी आपल्या संस्थेचं नाव भरायचं. मी भरलं, पण 43व्या पानावर एक जागा सुटली आणि तिथे भलत्याच संस्थेचं नाव तसंच राहिलं. तपासणीत ते कुणाच्या लक्षात आलं नाही. चार महिन्यांनी आमच्याच एका सेविकेला सापडलं, कारण ती फाईल खरोखर वाचणारी ती पहिलीच. मला अजून त्याची लाज वाटते. तुम्हाला थोडी वाटली तरी माझी हरकत नाही.

चाळणी नको, असं मी मुळीच म्हणत नाही. बंद दारामागे एकटं, परावलंबी माणूस, बाहेरून आलेली परकी व्यक्ती, आणि बिल भरणार सरकार. जो सेवा घेतो तो पैसे देत नाही, जो पैसे देतो तो सेवा पाहत नाही. अशा ठिकाणी लबाडीला वाव असतोच. न झालेल्या भेटींची बिलं लावणं हा या क्षेत्रातला जुना रोग आहे. अमेरिकेने 2010च्या आरोग्य कायद्यानंतर नव्याने येणाऱ्या गृहआरोग्य संस्थांना सर्वाधिक जोखमीच्या गटात टाकलं: न कळवता तपासनीसांची प्रत्यक्ष भेट, आणि 5 टक्के किंवा त्याहून जास्त मालकी असलेल्यांच्या बोटांचे ठसे. एवढ्यानेही भागेना तेव्हा 2013मध्ये मायामी आणि शिकागो परिसरात नव्या संस्थांची नोंदणीच थांबवली. ती बंदी 2019च्या सुरुवातीपर्यंत चालली. म्हणजे आधीच आत असलेले चांगले-वाईट सगळे आत, आणि बाहेरचे चांगले-वाईट सगळे बाहेर. चाळणीचं काम झेपेना म्हणून दारच लावून घेतलं.

जपानचं उदाहरण मला जास्त शिकवून गेलं. तिथे दीर्घकालीन शुश्रूषेचा सरकारी विमा 2000 साली सुरू झाला. घरी सेवा देणाऱ्या संस्थेला मान्यता हवी तर पूर्ण वेळाच्या हिशेबाने किमान 2.5 सेविका (म्हणजे दोघी पूर्ण वेळ आणि एक अर्धवेळ एवढं मनुष्यबळ) आणि साधारण दर 40 लाभार्थ्यांमागे एक सेवा-व्यवस्थापक दाखवावा लागतो. निकष स्वच्छ, मोजता येण्याजोगा. तरी 2007मध्ये देशातल्या सर्वांत मोठ्या गृहसेवा कंपन्यांपैकी एक कंपनी यातच सापडली. मान्यता मिळवताना तिने जी माणसं कामावर आहेत म्हणून लिहिलं होतं, त्यातली काही तिथे नव्हतीच. सरकारने नूतनीकरण रोखलं, कंपनीला या धंद्यातून बाहेर पडावं लागलं आणि तिचे हजारो लाभार्थी दुसऱ्या संस्थांकडे सोपवावे लागले. 2.5 हा आकडा चुकीचा नव्हता. तो कागदावर मोजला, एवढंच.

आता प्रशिक्षणाच्या तासांकडे येते, कारण तुमच्या यादीत त्यांना मानाचं पान आहे. अमेरिकेत मेडिकेअर या मुख्यतः वृद्धांसाठीच्या सरकारी आरोग्य विम्याने प्रमाणित केलेल्या संस्थांतल्या होम हेल्थ एडसाठी, म्हणजे घरी जाणाऱ्या सेविकेसाठी, किमान 75 तास, त्यातले 16 प्रत्यक्ष देखरेखीखालचे. जपानमधला प्राथमिक अभ्यासक्रम 130 तासांचा. इंग्लंडने 2015मध्ये नव्या सेविकांसाठी 15 मानकांचं प्रमाणपत्र आणलं. मी तासांच्या विरोधात नाही. पण माझ्याकडे मुलाखतीला एक बाई आल्या होत्या. त्यांनी आपल्या सासऱ्यांचं अकरा वर्षं अंथरुणातलं सगळं केलं होतं. नळीतून भरवणं, कुशीवर वळवणं, लघवीची पिशवी बदलणं, रात्रीची भीती. अकरा वर्षांत एक बेडसोर, म्हणजे पडून राहून होणारी जखम, नाही. तुमच्या नियमांत त्या अप्रशिक्षित. आणि त्याच आठवड्यात दाखला घेऊन आलेला एक तरुण, ज्याला पलंगावरून खुर्चीत बसवून दाखव म्हटल्यावर त्याने पहिली गोष्ट केली ती काखेत हात घालून वर ओढण्याची. म्हाताऱ्या खांद्याचं त्यात काय होतं ते हाडाच्या डॉक्टरांना विचारा. हा मुलगा तुमच्या नियमांत पात्र. त्या बाईंना पुन्हा वर्गात बसवण्याऐवजी पलंगाशी उभं करून परीक्षा घ्यायची सोय का नाही? उत्तीर्ण झाल्या तर दाखला द्या, नाही झाल्या तर वर्गात बसवा. माझी खात्री आहे, त्यांनी परीक्षकालाच दोन गोष्टी शिकवल्या असत्या.

आणि घरी आल्यावर बघायचं काय, असं तुम्ही विचाराल. रकाना केला तर त्यात लिहायचं काय? हे मी सविस्तर सांगणार आहे, कारण माझ्या तीस वर्षांच्या नोकरीचा अर्क यातच आहे.

आधी पाण्याचा पेला बघा. तो कुठे आहे? ज्या आजोबांचा डावा हात लुळा पडला आहे त्यांच्या डाव्या बाजूला पेला ठेवणारी सेविका नेमून दिलेलं काम उरकते आहे, माणूस तिच्या लक्षात आलेला नाही. मग चष्मा बघा: काचा पुसलेल्या आहेत का. श्रवणयंत्र कानात आहे की खणात, आणि त्यात बॅटरी आहे का. अर्धी म्हातारी माणसं "हेकट" आणि "भ्रमिष्ट" ठरतात ती मेलेल्या बॅटरीमुळे. मग औषधांची कप्प्यांची डबी. बुधवारी मंगळवारचा कप्पा भरलेला दिसला तर थांबा आणि विचारा. मग परवानगी घेऊन, अदबीने, पांघरूण बाजूला करा आणि टाचा बघा, नंतर माकडहाडापाशी बघा. लालसर डाग असेल तर बोटाने हलकेच दाबा. दाबल्यावर तो फिका पडत नसेल तर ती बेडसोरची पहिली पायरी आहे, कातडी अजून शाबूत असली तरी. या एका डागात गेल्या कित्येक दिवसांचा हिशेब असतो: किती वेळा कूस बदलली, ओलं कापड किती वेळ तसंच राहिलं, खाणंपिणं कसं चाललं आहे. मात्र एक सांगून ठेवते, डाग दिसला म्हणजे संस्था नालायक, असं लगेच लिहू नका. काही देह इतके थकलेले असतात की सगळं करूनही कातडी टिकत नाही. डाग दिसला तर तो सेविकेला माहीत होता का, तिने कुणाला कळवलं का आणि पुढे काय केलं, हे विचारा. वाईट संस्था तिथे उघडी पडते.

शेवटी, सेविका खोलीत शिरते तेव्हा त्या आजींचा चेहरा बघा. हे लिहायला रकाना कसा करायचा ते मला सांगता येणार नाही. पण तुमच्या माणसाला ते दिसेल, तोही कुणाचा तरी मुलगा आहे.

मी काही जगावेगळं मागत नाही. जर्मनीत शुश्रूषा विमा 1995पासून आहे. गृहसेवा संस्थेशी करार करायचा तर जबाबदार म्हणून एक प्रशिक्षित परिचारिका किंवा परिचारक असावाच लागतो. पुढे विम्याच्या वैद्यकीय तपासणी यंत्रणेची माणसं नियमित येतात. घरपोच सेवेच्या बाबतीत ती आदल्या दिवशी कळवून येतात, काही लाभार्थी निवडतात आणि त्यांच्या संमतीने त्यांना घरी जाऊन भेटतात. इंग्लंडचा नियामकही सेवा घेणाऱ्यांशी फोनवर बोलतो, काहींच्या घरी जातो. ते सगळं तिथे उत्तम चाललं आहे असा माझा दावा नाही. पण रकाना आहे.

यावर तुमच्याकडून एक उत्तर ठरलेलं येईल: आता सेविकेच्या भेटींची फोनवरून इलेक्ट्रॉनिक नोंद होते, त्यामुळे घरी जायची गरज नाही. अमेरिकेत 2016च्या कायद्याने ही नोंद सक्तीची केली. तिच्यात सहा गोष्टी असतात: कोणती सेवा, कुणाला, कोणत्या तारखेला, कुठे, कुणी दिली आणि सुरू-बंद केव्हा झाली. उपयोगाची गोष्ट आहे. न झालेल्या भेटीचं बिल लावणं त्यामुळे अवघड होतं. पण सेविका आठ वाजून दोन मिनिटांनी आली आणि आठ सत्तेचाळीसला गेली, यापलीकडे फोनला काही कळत नाही. मधली पंचेचाळीस मिनिटं ती मोबाइल बघत बसली तरी सहाच्या सहा रकाने हिरवे. उलट, जी सेविका आजोबांना चक्कर आली म्हणून वीस मिनिटं जास्त थांबली, तिच्या नोंदीपुढे लाल खूण येते आणि मला खुलासा द्यावा लागतो. असे खुलासे मी किती लिहिले त्याची मोजदाद ठेवलेली नाही.

वेळेचा विषय निघालाच आहे तर भेटीच्या लांबीबद्दल. इंग्लंडच्या 'नाइस' या, आरोग्य आणि शुश्रूषेचे मार्गदर्शक निकष ठरवणाऱ्या संस्थेने 2015च्या मार्गदर्शक सूचनांत सांगितलं की अर्ध्या तासापेक्षा छोटी भेट अपवादानेच ठेवावी: सेविका ओळखीची असेल, काम ठरावीक असेल आणि ती भेट मोठ्या आखणीचा भाग असेल तर. पंधरा मिनिटांत औषध दिलं का ते बघता येतं. शौचाला नेणं, अंग पुसणं, कपडे बदलणं, भरवणं आणि दोन शब्द बोलणं पंधरा मिनिटांत बसवायचं तर काहीतरी गाळावंच लागतं. पहिल्यांदा गळतं ते बोलणं. नंतर पाणी, कारण पाणी पाजलं की पुन्हा शौचाला न्यावं लागतं. हे कुणी दुष्टपणाने करत नाही, घड्याळ करायला लावतं. मान्यता देताना संस्थेला विचारा: तुमची सर्वांत छोटी भेट किती मिनिटांची, आणि एका घरून दुसऱ्या घरी जायच्या वेळेचे पैसे सेविकेला मिळतात का? एवढ्या दोन प्रश्नांत तुम्हाला धोरणांच्या फाईलपेक्षा जास्त कळेल.

पगार हा पात्रतेचा निकष असू शकतो, हे ऐकून तुमच्यातल्या काहींच्या भुवया वर जातील. जर्मनीने 1 सप्टेंबर 2022पासून तो केला. कामगार संघटना आणि मालक यांच्यातल्या करारात ठरलेल्या वेतनाच्या पातळीवर पगार देणाऱ्या संस्थेलाच शुश्रूषा विम्याचा करार मिळतो. अमेरिकेत 2024च्या नियमाने वेगळी वाट धरली. मेडिकेड या कमी उत्पन्नाच्या लोकांसाठीच्या सरकारी आरोग्य योजनेतून गृहसेवेच्या काही प्रकारांसाठी मिळणाऱ्या पैशांपैकी 80 टक्के प्रत्यक्ष सेवा देणाऱ्यांच्या मोबदल्यावर खर्च व्हावेत, असं त्यात म्हटलं आणि त्यासाठी सहा वर्षांची मुदत दिली. छोट्या संस्थांना हा आकडा जड जाईल अशी ओरड तिथे झाली. मी स्वतः छोटी संस्था चालवते, तेव्हा ती ओरड खोटी नाही हे मला ठाऊक आहे: ऑफिसचं भाडं, विमा आणि ती फाईल सांभाळणारा कारकून लहान संस्थेलाही लागतोच. तरीही पगाराचा पुरावा मागा, असंच मी म्हणेन. कमी पगाराची सेविका टिकत नाही. विस्मरण झालेल्या माणसाला दर महिन्याला नवा चेहरा दाखवला तर प्रत्येक सकाळी त्याच्या घरात अनोळखी माणूस शिरतं आणि त्याचे कपडे काढायला लागतं. अशी विस्मरण झालेली माणसं ओरडतात, मारतात. मग आपण अहवालात लिहितो "रुग्ण आक्रमक".

आता थोडं गाऱ्हाणं, स्वतःचं. तुमचा नियम आहे की अर्जाच्या तारखेला सेविका कामावर असल्या पाहिजेत. मान्यता मिळेपर्यंत मात्र एकही सरकारी लाभार्थी घेता येत नाही. आमचा अर्ज आठ महिने फिरला. पहिल्यांदा त्रुटी निघाली ती माझ्या नावाची: एका कागदावर मधलं नाव पूर्ण, दुसऱ्यावर नुसतं अक्षर. पूर्तता केली. दुसऱ्यांदा त्रुटी निघाली की सेविकांचे वैद्यकीय दाखले सहा महिन्यांपेक्षा जुने आहेत. अर्ज दिला तेव्हा ते ताजे होते हो! जुने झाले ते तुमच्या टेबलावर. या काळात चार जणींचा पगार मी माझ्या ठेवी मोडून दिला. दोघी तरीही सोडून गेल्या, त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. ज्याच्याकडे आठ महिने थांबायला पैसा आहे तो या शर्यतीत टिकतो, आणि अशा माणसाला शुश्रूषेतलं कळत असेलच असं नाही. तुम्ही नकळत पाकिटाची परीक्षा घेत आहात.

यावर माझी सूचना अशी आहे. कागदपत्रं आणि चारित्र्य पडताळणी झाली की तात्पुरती मान्यता द्या, पण अगदी मोजक्या लाभार्थ्यांपुरती, समजा आठ. सहा महिन्यांच्या आत त्यातल्या तिघांच्या घरी जा, त्यांच्या संमतीने, यादीतून तुम्ही निवडून. जाताना लिपिक पाठवू नका, पलंगाशी काम केलेली परिचारिका पाठवा. तिला जे दिसेल त्यावर पूर्ण मान्यता द्या किंवा काढून घ्या. काढून घ्यायची वेळ आली तरी आठच माणसांची दुसरी सोय करावी लागेल. चारित्र्य पडताळणी एकदाच करून थांबू नका, ती ठरावीक काळाने पुन्हा करा. धोरणांची फाईल पन्नास पानांच्या आत मागा आणि तपासणीच्या दिवशी एका सेविकेला त्यातलं काहीही विचारा.

माणसं कुठून आणायची, हे तुम्ही म्हणणार. साडेतीन तास कपाट बघायला होतीच की.

आमच्या मान्यतेचं नूतनीकरण येत्या वर्षात आहे. या पत्राची तयारी म्हणून मी आमच्या सध्याच्या एकतीस लाभार्थ्यांना किंवा त्यांच्या घरच्यांना विचारलं, की तपासणीसाठी कुणी घरी आलं तर चालेल का. तेवीस जण हो म्हणाले. पाच जणांनी नको म्हटलं, त्यांचा मान राखायला हवा. तिघांनी विचार करून सांगतो म्हटलं. यादी अर्जाला जोडते आहे. सकाळी सातला या, खरं काम तेव्हाच चालू असतं. मी बरोबर येणार नाही, म्हणजे माझ्याकडे बघून कुणी काही लपवायला नको.

यादीतल्या सहाव्या आजींनी निरोप दिला आहे, तो त्यांच्याच शब्दांत: "येऊ देत की, पण वेळेवर या म्हणावं. सव्वासातला माझी आंघोळ असते, साहेबासाठी मी थांबायची नाही."

आपली,
एका छोट्या गृहसेवा संस्थेची संचालिका, पूर्वाश्रमीची परिचारिका